हरिकेन किनाऱ्याला लागताना ट्रॅक कसं करायचं: रेघ सोडा, आपल्या घराजवळचं पाणी बघा

अमेरिकेच्या दक्षिणेला गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, हरिकेन (चक्रीवादळ) आलं की इथल्या आपल्या मराठी ग्रुपांवर पहिला प्रश्न ठरलेला, कितवी कॅटेगरी? आणि दुसरा, वादळाच्या अंदाजी वाटेची रेघ कुठून जातेय? टॅम्पा, ह्यूस्टन, फोर्ट मायर्स, सगळीकडे हेच, आणि तिकडे पुण्या-नाशकातले आईबाबा टीव्हीवर तो फिरणारा लाल भोवरा बघून रात्रभर जागे. मला मनापासून वाटतं की या दोन्ही प्रश्नांनी माणूस भलतीकडेच बघत बसतो. आपल्याला कळायला हवं ते एवढंच, की माझ्या पत्त्यावर पाणी किती चढू शकतं आणि जोराचा वारा सुरू व्हायच्या आधी माझ्या हातात किती तास आहेत. बाकी जे काही ट्रॅकिंग करायचं ते या दोन उत्तरांसाठी.

आधी मूळ जागा पक्की करा. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, म्हणजे एनएचसी, हेच अधिकृत. टीव्हीवाले, यूट्यूबवाले, वेदर अ‍ॅप्स सगळे शेवटी तिथूनच माहिती उचलतात, मग आपण थेटच बघावं ना. त्यांची पूर्ण अ‍ॅडव्हायझरी (अधिकृत अंदाजाचं पत्रक) दिवसातून चार वेळा येते, फ्लोरिडाच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११, ह्यूस्टनवाल्यांनी एक तास वजा करायचा. किनाऱ्याला वॉच (धोका शक्य आहे) किंवा वॉर्निंग (धोका येणार असं धरा) लागली की मधे २ आणि ८ ला छोटी अपडेट पण येते. भारतातल्या घरच्यांना हीच वेळ सांगून ठेवा, दुपारी २:३०, रात्री ८:३०, मध्यरात्रीनंतर २:३० आणि सकाळी ८:३०, म्हणजे ते मधल्या वेळात उगाच दर दहा मिनिटांनी फोन करणार नाहीत, कारण मधे नवीन असं फारसं काही नसतंच. सॅटेलाइटच्या चित्रावर वेळ झेडमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवले की भारतातली वेळ आणि चार तास वजा केले की फ्लोरिडाची.

आता तो पांढरा कोन, एनएचसीच्या नकाशावर वादळापुढे रुंद होत जाणारा शंकूसारखा पट्टा. यावरून जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशावरून नसतील. तो कोन वादळाचा आकार दाखवत नाही, नुकसान कुठे होईल तेही दाखवत नाही. वादळाचा मधला बिंदू, फक्त तो केंद्रबिंदू, कुठे कुठे असू शकतो एवढंच तो सांगतो. मागच्या पाच वर्षांत एनएचसीचा अंदाज किती चुकला ते बघून प्रत्येक टप्प्याला एक वर्तुळ काढतात, असं की तीनात दोन वेळा केंद्र त्या वर्तुळात सापडावं, आणि ती वर्तुळं जोडली की कोन होतो. म्हणजे तीनात एकदा केंद्र बाहेर जाणार हे त्यात धरलेलंच आहे. पाच दिवसांपुढचं वर्तुळ तर इतकं मोठं असतं की त्रिज्याच २०० मैलांच्या वर. आणि वारा, पाऊस, समुद्राचं पाणी हे केंद्रापासून शेकडो मैल लांब पोचतं. म्हणून 'आपण कोनाच्या बाहेर आहोत, सुटलो' हे वाक्य ग्रुपवर कोणी टाकलं तर तिथल्या तिथे थांबवा प्लीज.

इयन हरिकेनचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात सगळंच आलं. सप्टेंबर २०२२. दोन दिवस आधीपर्यंत सगळ्यांचं लक्ष टॅम्पावर, कारण मधली रेघ त्या बाजूला होती, फोर्ट मायर्सचा किनारा कोनाच्या कडेला. २७ तारखेला ते क्युबाच्या पश्चिम टोकावरून गेलं, त्या रात्री ड्राय टॉर्टुगास बेटांवरून जाताना त्याच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत बदलली, आणि वळण अपेक्षेपेक्षा जरा लवकर आणि जरा जास्त घेतलं. २८ सप्टेंबरला दुपारी ३ च्या सुमारास कायो कोस्टा नावाच्या बेटावर लँडफॉल, म्हणजे केंद्र किनाऱ्याला लागलं, वारा ताशी १५० मैल, कॅटेगरी ४. तुमची रेघ फार मोठी चुकली का? नाही. पण फ्लोरिडाचा पश्चिम किनारा आणि वादळाची वाट एकमेकांना इतक्या समांतर जातात की वाट थोडी डावी-उजवी झाली तरी लँडफॉलची जागा शंभर मैल सरकते. लाँगबोट की बेटावर किंवा फोर्ट मायर्स बीचवर राहणाऱ्याने 'रेघ टॅम्पाला जातेय' म्हणून निवांत बसणं किती धोक्याचं, ते या एका गोष्टीत आहे. ली काउंटीत, म्हणजे फोर्ट मायर्सच्या जिल्ह्यात, बाहेर पडायचा आदेश २७ ला सकाळी आला, म्हणजे हातात साधारण एकच दिवस. त्या वादळात समुद्राच्या पाण्यानेच ४० च्या वर लोक गेले, त्यातले बहुतेक ली काउंटीतले.

म्हणून पाणी. हरिकेनमध्ये थेट जे मृत्यू होतात त्यात सगळ्यात जास्त पाण्याने होतात, वाऱ्याने नाही, आणि कॅटेगरीमध्ये पाण्याचा विचारच नसतो, तो नंबर फक्त वाऱ्याचा. आइक, २००८, गॅल्व्हस्टनला आलं तेव्हा कॅटेगरी २ होतं, 'दोनच आहे' म्हणून लोक थांबले, आणि बोलिव्हर पेनिन्सुलाच्या बाजूला १५ ते २० फूट पाणी चढलं, वस्तीच्या वस्ती साफ. वादळ आकाराने प्रचंड मोठं होतं, आणि मोठं वादळ जास्त पाणी ढकलत आणतं, त्याचा वारा कमी असला तरी.

सर्ज म्हणजे वाऱ्याने ढकलून किनाऱ्यावर चढवलेलं समुद्राचं पाणी. ते कुठल्या बाजूला चढेल हे तुम्हाला स्वतःला काढता यायला हवं, आणि ते अवघड अजिबात नाही. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभे आहात असं समजा. तुमच्या उजव्या हाताची बाजू ती वाईट. आपल्या उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे उजवीकडचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि वर वादळाचा स्वतःचा पुढे जायचा वेग त्यात मिळतो. डाव्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे, पाणी उलट बाहेर ओढलं जातं. इयन ईशान्येकडे चाललं होतं म्हणजे उजवी बाजू दक्षिणेची, तिथे फोर्ट मायर्स बीचला १० ते १५ फूट पाणी, आणि उत्तरेला टॅम्पा बे चक्क रिकामी होऊन तळाचा चिखल दिसायला लागला. मिल्टनच्या वेळी, ऑक्टोबर २०२४, सिएस्टा की बेटावर लँडफॉल झाला आणि टॅम्पाचं पाणी परत तसंच ओसरलं. (बाहेर गेलेलं पाणी परत येतं आणि झपाट्याने येतं, त्यामुळे चिखलात फोटो काढायला उतरू नका, मुलांना तर नाहीच.) टेक्सासला वादळ उत्तरेकडे जात असेल तर वाईट बाजू पूर्वेची, म्हणून गॅल्व्हस्टनला आलेल्या आइकने बोलिव्हर धुतलं. आपल्या कोकणात पण नियम हाच, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं तेव्हा मुंबई डाव्या हाताला राहिली आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या बागा झोपल्या.

तर प्रत्यक्षात काय करायचं. एनएचसीच्या पानावर 'स्टॉर्म सर्ज' असा वेगळा भाग असतो. तिथे आधी पीक सर्जचा नकाशा येतो, किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्याला ४ ते ७ फूट, ८ ते १२ फूट असे आकडे. हे आकडे जमिनीपासूनच्या उंचीचे आहेत हे लक्षात ठेवा, म्हणजे कोरड्या जमिनीवर तुमच्या छातीपर्यंत की डोक्यावरून, असा थेट अर्थ. मग वॉच लागला की साधारण ४८ तास आधी पूर येऊ शकणाऱ्या भागाचा रंगीत नकाशा येतो, तो झूम करून आपल्या गल्लीपर्यंत न्या. तो नकाशा वाईटात वाईट पण शक्य कोटीतली परिस्थिती दाखवतो, त्यामुळे रंग दिसला म्हणजे तेवढं पाणी येणारच असं नाही, पण रंग दिसला तर तेवढ्याची तयारी करायची. सोबत आपला इव्हॅक्युएशन झोन माहीत हवा, फ्लोरिडात ए पासून पुढे अक्षरं असतात, काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. इथे खूप जणांची गल्लत होते, घर घेताना इन्शुरन्ससाठी जो फ्लड झोन बघितला तो वेगळा आणि हा वेगळा. झोन एखाद्या शांत दिवशी शोधून फोनमध्ये सेव्ह करा, वादळाच्या दिवशी त्या साइट्स बऱ्याचदा उघडत नाहीत.

आता वेळ. लँडफॉल किती वाजता याची सगळे वाट बघतात, पण तुमची डेडलाइन ती नाहीच. तुमची डेडलाइन म्हणजे ताशी ३९ मैलांचा सलग वारा तुमच्याकडे पोचण्याची वेळ, त्यानंतर शिडीवर चढता येत नाही, खिडक्यांना प्लायवूड लावता येत नाही, उंच पूल बंद होतात. त्यासाठी एनएचसीचा 'अरायव्हल टाइम' नावाचा नकाशा आहे, त्याचे दोन प्रकार, एक सगळ्यात शक्य वेळ आणि एक लवकरात लवकरची वेळ. दुसराच बघा. त्या लवकरच्या वेळेच्याही आधी वारा यायची शक्यता फक्त १० टक्के असते, म्हणजे कामं तोपर्यंत उरकली तर जवळपास निर्धास्त. मोठ्या वादळात ही वेळ लँडफॉलच्या बारा-पंधरा तास आधीची सुद्धा असू शकते.

निघायचं असेल तर किती लांब? रिटाच्या वेळी, २००५, ह्यूस्टनचे लाखो लोक एकदम हायवेवर आले आणि गाड्या तासन्‌तास उन्हात अडकल्या, त्या निघण्यातच कित्येक जीव गेले. फ्लोरिडातले अधिकारी दर वर्षी सांगतात की पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा, त्याचा अर्थ इतकाच की सर्ज झोनमधून बाहेर, उंच जागी, एखाद्या मजबूत घरात गेलात की बऱ्याचदा पुरतं, अटलांटा गाठायलाच पाहिजे असं नाही. पंधरा-वीस मैल आत कोणी ओळखीचं कुटुंब असेल तर आत्ताच बोलून ठेवा, आपल्या मंडळांमधे हे सहज होतं.

मॉडेल्सचं, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेल्या अंदाजांचं, थोडक्यात. ती रंगीबेरंगी शेवयांसारखी चित्रं फिरतात त्यातली एक रेघ पकडून बसू नका, अमेरिकन जीएफएसने दहा दिवसांनंतर मायामीवर काय दाखवलंय त्याला शून्य किंमत द्या. रेघांचा झुबका एकत्र आहे की फाटलाय आणि दर सहा तासांनी अख्खा झुबका कुठल्या बाजूला सरकतोय, एवढं पुरे. बेरिल, २०२४, सुरुवातीला मेक्सिको आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाकडे दाखवत होते, मग अंदाज दर दिवशी थोडा थोडा उत्तरेला सरकत गेला आणि ८ जुलैच्या पहाटे ते माटागोर्डाला लागलं, ह्यूस्टन उजव्या हाताला. सलग तीन-चार अ‍ॅडव्हायझरी एकाच दिशेने सरकतायत असं दिसलं की सावध व्हा. आणि एनएचसीचं 'डिस्कशन' वाचा, साधी इंग्रजी असते, अंदाज लिहिणारा माणूस स्वतः किती खात्रीने बोलतोय ते तिथेच कळतं, मला तर नकाशांपेक्षा ते जास्त उपयोगी वाटतं.

शेवटच्या चोवीस तासात खरं ट्रॅकिंग सुरू होतं. तेव्हा विमानं सतत आत जात असतात, बिलॉक्सीच्या कीस्लर तळावरची एअर फोर्सची आणि नोआची (अमेरिकेची सरकारी समुद्र-हवामान संस्था), ती साधारण १० हजार फुटांवरून डोळ्याच्या आरपार जातात आणि खाली उपकरणं सोडतात. ट्रॉपिकल टिडबिट्स साइटवर हा डेटा जवळपास लाइव्ह दिसतो. तिथे सामान्य माणसाने एकच आकडा बघावा, मधला दाब, मिलिबारमध्ये. दर फेरीला दाब पडतोय म्हणजे वादळ जोर धरतंय, वाऱ्याचा आकडा मागून वाढेल. दाब चढला तर? लगेच सुटकेचा श्वास नको, कधी कधी डोळ्याभोवतीची आतली भिंत मोडून बाहेर मोठी नवी भिंत तयार होते, त्या वेळात वारा जरा उतरतो पण वादळ आडवं पसरतं, आणि मग पुन्हा चढतं. इयनने ड्राय टॉर्टुगासवर हेच केलं आणि सकाळी काही काळ कॅटेगरी ५ पर्यंत गेलं, हे नंतरच्या तपासात कळलं.

डोळा किनाऱ्यापासून शंभरेक मैलांवर आला की रडार. रडारस्कोपसारखं अ‍ॅप घ्या किंवा नॅशनल वेदर सर्व्हिसचं फुकटचं रडार पान, आणि नेहमी लूप लावा, एक फ्रेम बघून काही ठरवू नका. डोळा सरळ चालत नाही, डुलत डुलत येतो, दहा-वीस मैल इकडे तिकडे, आणि लाइव्ह चॅटमध्ये दर डुलण्याला 'वळलं वळलं' असा ओरडा होतो. तीन ते सहा तासांपूर्वीचा डोळ्याचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू यांच्यातून रेघ काढा, स्क्रीनवर पट्टी ठेवून सुद्धा चालेल, ती खरी दिशा. मात्र अगदी लँडफॉलच्या तोंडावर तेच दहा मैलांचं डुलणं ठरवतं की भिंत तुमच्यावरून जाणार की शेजारच्या काउंटीवरून, म्हणून तेव्हा तयारी वाईटातल्या बाजूची धरूनच असावी. आणखी एक, रडारचा किरण लांब जाताना वर वर जातो, शंभर मैलांवर तो जमिनीपासून बरंच उंच काहीतरी बघत असतो, त्यामुळे व्हेलॉसिटीच्या (वाऱ्याच्या वेगाच्या) चित्रात दिसणारा भयानक वारा जमिनीवर तेवढाच असेल असं नसतं.

डोळ्याकडे बघताना बाहेरचे पट्टे विसरू नका. मिल्टनचा डोळा पश्चिम किनाऱ्यापासून अजून लांब समुद्रात होता तेव्हा पूर्वेला सेंट लुसी काउंटीत टॉर्नेडोने माणसं मारली होती. फोनवरचे इमर्जन्सी अलर्ट चालू ठेवा, टॉर्नेडो वॉर्निंग आली की आतली बिनखिडकीची खोली, मग पुढचं.

रडारच्या सोबत दुसऱ्या टॅबमध्ये नोआचं भरती-ओहोटीचं पान लावा, माझ्या मते या सगळ्यात हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. जवळचं गेज, म्हणजे पाण्याची उंची मोजणारं केंद्र, निवडा, गॅल्व्हस्टन पियर २१, सेंट पीटर्सबर्ग, फोर्ट मायर्स, जे असेल ते. निळी रेघ म्हणजे नेहमीच्या भरतीचा अंदाज, दुसरी रेघ म्हणजे प्रत्यक्ष पाणी, दोघींमधलं अंतर म्हणजे सर्ज. हे अंतर वाढायला लागलं आणि तेवढ्यातच भरतीची वेळ येतेय असं दिसलं तर अंदाजातल्या वरच्या आकड्याकडे जातोय असं समजा. इयनमध्ये फोर्ट मायर्सचं गेज नेहमीच्या मोठ्या भरतीच्या वर ७ फुटांहून जास्त गेलं. रेघ अचानक थांबली तर पाणी थांबलं असं नाही, गेज बंद पडलेलं असू शकतं. आणि खाड्यांमध्ये आत पाणी लँडफॉलनंतर काही तासांनी सुद्धा चढत राहतं.

डोळा वरून गेला तर एकदम शांत होतं, आभाळ सुद्धा दिसतं. बाहेर पडू नका, काही मिनिटांनी वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो.

लँडफॉल झाला, टीव्हीवाल्यांचा रिपोर्टर भिजून झाला की लोक ट्रॅकिंग बंद करतात. हे करू नका. हार्वी २५ ऑगस्ट २०१७ ला रॉकपोर्टला कॅटेगरी ४ म्हणून आलं, ह्यूस्टनवाले लांब होते, आणि मग ते तिथेच रेंगाळलं, नीडरलँड गावात ६० इंचांच्या वर पाऊस झाला आणि ह्यूस्टनचा मोठा भाग पाण्यात. हेलेन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात पेरीजवळ आलं, आणि दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात अ‍ॅशव्हिल पुराने उद्ध्वस्त झालं, समुद्रापासून इतकं आत. त्यामुळे लँडफॉलनंतर एनएचसी सोडून पावसाच्या पानावर या, वेदर प्रेडिक्शन सेंटरचा जास्त पावसाचा नकाशा, त्यात 'हाय रिस्क' दिसलं तर तो शब्द ते सहज वापरत नाहीत. वादळ पुढे सरकायचा वेग ताशी पाच-सात मैलांवर आला तर वाऱ्यापेक्षा ती बातमी मोठी. ह्यूस्टनला हॅरिस काउंटीची फ्लड वॉर्निंग साइट आहे, प्रत्येक बायूचं (तिथल्या संथ ओढ्याचं) पाणी काठापासून किती खाली आहे ते दिसतं, आपल्या घराजवळचं गेज आणि त्याच्या वरच्या अंगाचं गेज अशी दोन बुकमार्क करा, वरचं आधी चढतं आणि तुम्हाला वेळ मिळतो. रात्री पाण्यातून गाडी अजिबात घालायची नाही.

आणि वीज. बेरिल फक्त कॅटेगरी १ होतं, ह्यूस्टन भागात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, जुलैच्या उकाड्यात कित्येक दिवस. म्हणजे लँडफॉलनंतर तुमचं वायफाय आणि कदाचित टॉवरही जाणार, सगळं ट्रॅकिंग ऑनलाइन असून चालत नाही. सेलवर चालणारा नोआ वेदर रेडिओ घरात हवाच, पॉवर बँका वारा यायच्या आधी भरलेल्या, नकाशांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये. जनरेटर गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवून सुद्धा नाही, घरापासून किमान २० फूट लांब, त्याच्या धुराने वादळानंतर दर वर्षी माणसं जातात. घरात वयस्कर आईवडील आले असतील, आणि उन्हाळ्यात बऱ्याच जणांकडे आलेले असतात, तर त्यांची औषधं आणि वीज गेल्यावर त्यांना थंड जागी कुठे न्यायचं हे आधी ठरवा.

भारतात घरी एकाच माणसाला ठरवून ठेवा ज्याला तुम्ही कळवणार, भाऊ, वहिनी, कोणीही, बाकीच्यांना तो सांगेल. डेटा नसला तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, त्यात तीनच गोष्टी लिहा: आम्ही कुठे आहोत, पाणी किती आहे, आणि पुढचा मेसेज भारतातल्या किती वाजता येईल. आणि ती पुढची वेळ जरा लांबचीच द्या, कारण नेटवर्क गेलं की तास न्‌ तास जातात आणि तिकडे लोक घड्याळाकडे बघत बसलेले असतात.